वाहत्या कानाचा जमाखर्च

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत होतो, तेव्हा मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाच्या उजव्या कानात कायम कापसाचा बोळा असे. गावात कापसाला तोटा नव्हता. कान फुटला की बोळा घालायचा, तो भिजला की फेकायचा आणि दुसरा घालायचा, हा त्याच्या घरचा नेम होता. पावसाळ्यात त्याच्या शेजारी कोणी बसत नसे, कारण कानाला वास येई. गुरुजींनी हाक मारली तर तो पुष्कळदा उत्तर देत नसे. गुरुजींना तो उद्धटपणा वाटे आणि आम्हाला गंमत. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. त्याचे शिक्षण कानामुळे थांबले, असे त्या वेळी कोणाच्याही मनात आले नाही.

आम्ही कानाचे डॉक्टर नव्हे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला एखादा प्रश्न दिसला की तो आधी 'हे कसे घडते' असे विचारतो आणि मग 'याआधी लोकांनी यावर काय केले' हे शोधू लागतो. त्या बोळ्याचा माग काढताना आम्ही सुश्रुतापासून केनियातल्या शाळांपर्यंत फिरून आलो. या इतिहासात एक प्रश्न वारंवार समोर येतो. खर्च कोणी, केव्हा आणि कशावर करायचा, हा तो प्रश्न.

प्रथम कानाची रचना पाहू. कानाच्या पडद्यामागे मटाराच्या दाण्याएवढी हवेची पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीतल्या हातोडी, ऐरण व रिकीब या तीन चिमुकल्या हाडांची साखळी पडद्याची थरथर आंतरकर्णातल्या द्रवापर्यंत पोहोचवते. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर त्यातली बहुतेक ऊर्जा परावर्तित होते. विहिरीत बुडी मारलेल्याला काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच. निसर्गाने यावर साधी युक्ती केली आहे. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटरचा, तर रिकिबीचा तळ सुमारे ३.२ चौरस मिलिमीटरचा असतो. म्हणजे तोच जोर सुमारे १७ पट लहान जागेवर पडतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पटीची भर पडते. १७ ला १.३ ने गुणले की दाब सुमारे २२ पट वाढतो, म्हणजे जवळजवळ २७ डेसिबलचा फायदा होतो. विज्ञानाच्या तासाला टाचणीचे टोक आणि बोथट खिळा घेऊन हे गणित मुलांना दाखवता येते.

पडद्याला भोक पडले की ही युक्ती लंगडी होते. भोक लहान असले तर नुकसान थोडे होते. साखळीतले हाड झिजले किंवा तुटले तर तूट ५० ते ६० डेसिबलपर्यंत जाते. आपण एकमेकांशी बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. मागच्या बाकावरच्या मुलाला गुरुजींची हाक कशी ऐकू येत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

भोक पडते कसे? नाकाच्या मागची बाजू आणि मध्यकर्ण यांना जोडणारी एक नळी आहे. सोळाव्या शतकातला इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याच्या नावाने ती ओळखली जाते. लहान मुलांत ही नळी आखूड व बरीचशी आडवी असते. सर्दी झाली की जंतू त्या वाटेने वर चढतात, मध्यकर्णात पू साठतो, पडद्यावर दाब येतो आणि तो फाटतो. ठणका थांबतो, आई सुटकेचा श्वास टाकते आणि कान वाहू लागतो. बहुतेक मुलांचा पडदा काही आठवड्यांत आपोआप जुळतो. ज्यांचा जुळत नाही, त्यांचा कान वाहतच राहतो. पडद्याला भोक असून दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ स्राव चालू राहिला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला मध्यकर्णाचा दीर्घकालीन पूयुक्त दाह समजते. दोन आठवडे हा तसा काटेकोर निकष आहे. खेडोपाडी 'दोन वर्षे झाली, वाहतोय' हे वाक्य कोणी आवाज न चढवता सांगतो.

वाहत्या कानाचे दोन प्रकार डॉक्टर मानतात. पहिल्यात स्राव पुष्कळ असतो, पण धोका कमी. दुसऱ्यात स्राव थोडा, पण घाण वासाचा असतो. तेथे बाहेरच्या कातडीचा थर मध्यकर्णात शिरून साचतो आणि हळूहळू आसपासचे हाड खातो. या साठ्याला १८३८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर याने 'कोलेस्टिएटोमा' हे नाव दिले. मेंदू आणि मध्यकर्ण यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्राच काय तो असतो. तो खाल्ला गेला की रोग मेंदूत शिरतो.

आता इतिहासाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यांत कर्णस्राव आहे आणि दुर्गंधी येणारा पूतिकर्णही आहे. उपचारांत धूपन, पूरण, धावन यांबरोबर प्रमार्जन सांगितले आहे. धूपन म्हणजे धुरी देणे, पूरण म्हणजे औषधी द्रव कानात भरणे, धावन म्हणजे धुणे आणि प्रमार्जन म्हणजे पुसून कोरडे करणे. या शेवटच्या शब्दाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. प्राचीनांना सारे ठाऊक होते, असा आमचा दावा नाही. पडद्यामागचे जग पाहण्याचे साधनच त्यांच्याजवळ नव्हते. पण ओला कान कोरडा केल्याशिवाय पुढचे काही साधत नाही, हे निरीक्षण अचूक होते.

युरोपात अठराव्या शतकात कानामागचे हाड उघडून पू काढण्याचे प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये झां लुई पेती याला त्यात यश आले होते. पण १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजवैद्याने, फॉन बर्गर याने, बहिरेपणा आणि कानातला आवाज जावा म्हणून स्वतःवर ही शस्त्रक्रिया करवून घेतली आणि तो बारा दिवसांत मेंदूच्या आवरणाच्या दाहाने मरण पावला. बातमी सर्वत्र पसरली आणि शस्त्रक्रिया जवळजवळ ऐंशी वर्षे वाळीत पडली. चूक शस्त्रक्रियेची की नको त्या रोगावर ती केल्याची, असा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाले येथे हेर्मान श्वार्त्से याने ती पुन्हा शास्त्रशुद्ध पायावर उभी केली.

मधल्या काळात डब्लिनमध्ये विल्यम वाइल्ड नावाचा नामांकित कर्णतज्ज्ञ होता. त्याने १८५३ मध्ये कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वाहणारा कान किरकोळ समजू नका, तो शेवटी कोठे नेईल हे कोणालाच सांगता येत नाही, अशी ताकीद त्यात आहे. त्याचा मुलगा म्हणजे नाटककार ऑस्कर वाइल्ड. कानाच्या दुखण्याने तो बेजार झाला होता. १९०० साली ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधल्या हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आणि ३० नोव्हेंबरला मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्याचे निधन झाले. वय होते ४६. हा दाह कानातूनच मेंदूत गेला, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. शस्त्रक्रियेच्या भरमसाट फीचा विषय निघाला तेव्हा, आपल्याला आता ऐपतीबाहेर मरावे लागणार, अशी कोटी त्याने केल्याचे सांगतात. कर्णतज्ज्ञाच्या घरी जन्मलेला, जगाला ठाऊक असलेला हा माणूस कर्जबाजारी होऊन कानाच्या रोगाने गेला. खर्चाची गोष्ट काही आजची नाही.

१९३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ डोमाक याने प्रॉन्टोसिल या औषधाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. दहा वर्षांत पेनिसिलिनही हाती आले. तोपर्यंत युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत कानामागचे हाड कोरलेली मुले आठवडेच्या आठवडे पडून असत. हे वॉर्ड पुढच्या काळात रिकामे होत गेले. आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने उभा राहिला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. पण येथे एक गोम आहे. पेनिसिलिन नुकत्याच फुटलेल्या कानाला उपयोगी पडते. जुन्या, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानात बहुधा स्यूडोमोनास नावाचा चिवट जीवाणू ठाण मांडून असतो आणि त्याच्यावर पेनिसिलिनची मात्रा चालत नाही. ज्या देशांत मूल पहिल्या ठणक्यालाच डॉक्टरकडे पोहोचले, तेथे जुनाट कानांची संख्या घटली. ज्या मुलुखात मूल पहिल्या ठणक्याला पोहोचलेच नाही, तेथे औषध आले तरी रोग राहिला.

दाटीवाटीची घरे, चुलीचा धूर, वरचेवर सर्दी, कुपोषण आणि जवळ नसलेला दवाखाना, या साऱ्यांची बेरीज झाली की कान जुनाट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ मधल्या अहवालात जगभर अशा वाहत्या कानांच्या लोकांची संख्या साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी दिली आहे. त्यांतल्या सुमारे ६० टक्के लोकांना कमी ऐकू येते. ज्या देशांत १०० पैकी ४ हून अधिक लोकांना हा रोग आहे, तेथे तो तातडीचा सार्वजनिक प्रश्न मानावा, असा निकष १९९६ च्या एका बैठकीत ठरला. भारत त्याच गटात मोडतो.

पुढची झेप सूक्ष्मदर्शकाची. स्टॉकहोममध्ये कार्ल ऊलॉफ न्यूलेन याने १९२१ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक वापरला. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि त्याच सुमारास वुलश्टाइन व त्सोलनर या दोघा जर्मन शल्यचिकित्सकांनी फुटका पडदा नव्याने बसवण्याची पद्धत मांडली. आधीच्या शस्त्रक्रियांचा हेतू जीव वाचवणे एवढाच होता. ऐकणे परत मिळवण्याचा हेतू प्रथमच पुढे आला. आज पडद्याचे ठिगळ म्हणून कानाच्या वरच्या स्नायूवरचे पातळ आवरण वापरतात. म्हणजे लागणारा कच्चा माल रोग्याच्याच अंगात असतो, फुकट. खर्च होतो तो यंत्राचा, भूल देणाऱ्याचा आणि मुख्यतः ते काम शिकण्यात गेलेल्या वर्षांचा.

हे सूक्ष्मदर्शक यवतमाळच्या रोग्याला किती अंतरावर होते? १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणी होते. दारव्हा व पुसद हे भाग जोडून तो यवतमाळ झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे मूर्तिजापूरहून चिमुकली रेल्वे आली, हीच आपली 'शकुंतला'. ती आली कापसासाठी. कापसाच्या गाठी मुंबईच्या गोदीपर्यंत पोहोचवण्याची सोय झाली, कान घेऊन जाण्याची मात्र झाली नाही. पुढे १९४७ मध्ये नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १९६९ मध्ये सेवाग्रामला झाले आणि १९८९ मध्ये खुद्द यवतमाळला. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, म्हणून १९८९ हे साल आम्हाला जिल्ह्याच्या कानांच्या इतिहासात महत्त्वाचे वाटते. वसंतराव नाईक यांचे नाव असलेल्या या महाविद्यालयाच्या रुग्णालयाला लोक 'मेडिकल' म्हणतात. औषधाच्या दुकानालाही ते 'मेडिकल'च म्हणतात. दोन्हींतला फरक बोलण्याच्या ओघात कळतो, पैशाच्या हिशेबात तर फारच स्पष्ट कळतो.

जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा, तालुके १६, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार. उमरखेडहून किंवा वणीहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर पडते. झरी जामणीच्या कोलाम पोडावरून आधी मुख्य रस्त्यावर यावे लागते.

मागच्या बाकावरचा तो मित्र आम्हाला सुमारे वीस वर्षांनी बाजाराच्या दिवशी भेटला. आम्ही बोलू लागलो की तो डावा कान पुढे करी. त्याच्या उजव्या कानावर 'मेडिकल'मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि बोळा गेला होता. शस्त्रक्रियेला किती पैसे लागले, असे विचारले, तर म्हणाला, "त्याले काही नाही लागले." मग आधी किती लागले, या प्रश्नावर तो हसला आणि बोटे मोजू लागला. गावातल्या भगताची कोंबडी. तेलात तळलेला लसूण, तो घरचाच. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरची सुई, प्रत्येक पावसाळ्यात दोन-तीनदा. औषधाच्या दुकानातून न विचारता घेतलेल्या थेंबांच्या बाटल्या, त्यांची गणती नाही. एकदा नागपूरला जायचे म्हणून बकरी विकली. तेथे तीन दिवस व्हरांड्यात काढले, तारीख मिळाली पुढच्या महिन्याची, आणि पुढच्या महिन्यात कापूस वेचणी होती. परत गेलाच नाही.

या हिशेबात शस्त्रक्रिया कोठेच नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आपण त्याचे थोडे गणित मांडू. समजा, एका मुलाला वर्षभरात सहा वेळा दवाखान्यात न्यावे लागले. बरोबर आई किंवा वडील हवेत. प्रत्येक फेरीत दोघांचा दिवस जातो, म्हणजे वर्षाचे बारा दिवस. त्यांत सहा मजुरीचे आणि सहा शाळेचे. बारा जाण्याची व बारा येण्याची तिकिटे होतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला एस.टी.त अर्धे तिकीट लागते. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांनाही अर्धे झाले आहे, त्यामुळे मुलाला आईने नेणे वडिलांपेक्षा स्वस्त पडते. निंदणाच्या दिवसांत आईची मजुरी बुडते, ती मात्र अर्धी बुडत नाही. आता या फेऱ्या दहा वर्षे चालल्या असे धरा. शिक्षकांनी हे उदाहरण गणिताच्या तासाला जरूर द्यावे आणि मुलांना आपल्या गावचे भाडे व मजुरी त्यात घालायला सांगावी. आलेली रक्कम पाहून त्यांना आश्चर्य वाटेल.

खर्च वाटून घेण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग आपल्या शेजारीच, वर्धा जिल्ह्यात झाला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्य विमा सुरू केला. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी यांचा त्यात पुढाकार होता. हप्ता पैशांत नव्हे, ज्वारीत. सुगी झाली की ज्याच्या-त्याच्या जमिनीच्या मानाने ज्वारी जमा व्हायची, भूमिहीनाला कमी. शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षातून एकदाच येतो आणि रोग वर्षभर येतो, ही अडचण ओळखून केलेली ती रचना होती. योजनेत अचानक येणारे आजार आणि आधीपासून ठाऊक असलेले आजार असा भेद केला होता. अचानक आलेल्या आजाराला मोफत उपचार, ठाऊक असलेल्याला सवलत. विम्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. ज्याचे घर आधीच पेटले आहे, त्याने विमा घ्यायला धावावे, असे चालत नाही. पण वाहता कान कोणत्या रकान्यात घालायचा? तो अचानक आलेला नसतो, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी इतका निश्चितही नसतो. जीव जाईपर्यंत तो तातडीचा होत नाही.

शासकीय योजनांतही ही फट राहिली आहे. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती सर्वत्र गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ दिला गेला, त्यात यवतमाळ आहे. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती आता पाच लाख झाली आहे. कानाच्या पडद्याच्या आणि हाडाच्या शस्त्रक्रिया यादीत आहेत. हे मोठे काम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र योजनेची मूळ कल्पना खाटेभोवती उभी आहे. रोगी दाखल झाला, यादीतली शस्त्रक्रिया झाली की पैसे मिळतात. वाहत्या कानाचा बहुतेक खर्च बाह्यरुग्ण विभागात, औषधाच्या दुकानात आणि एस.टी.च्या थांब्यावर होतो. तेथे खाट नसते. आमच्या मित्राची वीस वर्षे यादीच्या बाहेर गेली.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबे स्वतःच्या खिशातून भरतात तो वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सुधारणा खरी आहे. पण ही देशाची सरासरी आहे. सरासरीत पोडावरचे अंतर दिसत नाही.

मग स्वस्त काय आहे आणि त्याने कान खरोखर कोरडा होतो का? येथे केनियाकडे वळायला हवे, कारण हा प्रश्न शाळांत जाऊन, नीट प्रयोग रचून तेथे विचारला गेला. १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात किआंबू जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहत्या कानांची ५२४ मुले. त्यांचे तीन गट केले. एका गटाला काहीच उपचार नाही, दुसऱ्या गटाचे कान फक्त पुसून कोरडे करायचे, तिसऱ्या गटाचे कान पुसून थेंब आणि पोटात घेण्याची औषधेही द्यायची. सोळा आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांत २२ टक्के मुलांचा स्राव थांबला होता, तिसऱ्या गटात ५१ टक्क्यांचा. म्हणजे नुसते पुसणे आणि काहीच न करणे यांत फरक निघाला नाही. सुश्रुताच्या प्रमार्जनाचे आम्ही कौतुक केले होते, ते येथे थोडे आवरते घ्यावे लागते. पुसणे आवश्यक आहे, कारण पुवाने भरलेल्या कानात औषध आतवर पोहोचतच नाही. पण ते पुरेसे नाही. प्रयोगाचे मोल हेच की तो आपल्या आवडत्या समजुतींचीही गय करत नाही.

दुसरा अभ्यास २००५ चा, तोही केनियातल्या शाळांतला. ३९,८४१ मुलांचे कान तपासून ४२७ मुले निवडली. बोरिक ॲसिडचे थेंब हे जुने स्वस्त औषध. एका गटाला ते दिले, दुसऱ्याला सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब. दोन आठवड्यांनी बोरिकच्या गटात ३२ टक्के, तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटात ५९ टक्के मुलांचे कान कोरडे झाले. आणि हे थेंब घातले कोणी? मुलांनीच एकमेकांना, दिवसातून दोनदा. ना एस.टी., ना बुडालेली मजुरी.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्या चिवट स्यूडोमोनासवर चालते. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मान्य केले नव्हते, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर केले होते. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने अनेक भारतीय कंपन्यांनी ते बनवले आणि किंमत खाली आली. कायदा २००५ मध्ये बदलला, पण तोवर हे औषध स्वस्त होऊन गेले होते. यात एक सावधगिरी आहे. दुकानातून न विचारता घेतलेले थेंब निर्धोक नसतात. जेंटामायसिन, निओमायसिन अशा औषधांचे थेंब भोक असलेल्या कानात आत झिरपले तर आंतरकर्णाला इजा होऊ शकते, आणि तो बहिरेपणा कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंब कोणते, हे डॉक्टरनेच सांगायचे. किती दिवस व कसे घालायचे, यात मात्र शाळेला मदत करता येईल.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात, पालघरला झाला. त्यात तपासायच्या ३० दोष-आजारांच्या यादीत मध्यकर्णाचा दाह आहे. डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. शाळेत पथक आले तर मुलाच्या आईची मजुरी बुडत नाही, हा या रचनेचा सर्वांत मोठा गुण आहे. पण कान सर्दीबरोबर वाहतो आणि पथक त्याच्या वेळापत्रकाने येते. वाहता कान पावसाळ्यात वाहतो, जानेवारीत कोरडा दिसू शकतो. कोरड्या कानातले भोक विजेरी नीट धरली तर दिसते, पण मुलाला काही त्रास आहे का, असे विचारले तर ते 'नाही' म्हणते. शिवाय वेचणीच्या दिवसांत काही मुले शाळेतच नसतात.

पांढरकवड्याकडच्या आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने यावर साधा मार्ग काढला आहे. हजेरीपटाच्या मागे त्या एक पान राखून ठेवतात. कोणाच्या कानात बोळा दिसला, कोणी हाकेला उत्तर दिले नाही, कोणाच्या उशीला डाग असल्याचे आई म्हणाली, ते तारखेसह लिहितात आणि त्या मुलाला पहिल्या बाकावर, चांगला कान त्यांच्याकडे येईल असे बसवतात. पथक आले की पान डॉक्टरांसमोर ठेवतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही ते पान पाहिले. त्यावर सात नावे होती. बहुतेक तारखा जुलै-ऑगस्टच्या होत्या. पथक आले त्या दिवशी त्यांतल्या पाचांचे कान कोरडे होते. डॉक्टरांनी हजर असलेल्या मुलांच्या कानांत पुन्हा विजेरी धरली आणि चार चिठ्ठ्या यवतमाळच्या 'मेडिकल'साठी लिहिल्या. पाचवे मूल त्या दिवशी आईबरोबर शेतावर गेले होते, त्याचे नाव शिक्षिकेने पानावर तसेच ठेवले आहे.